स्क्रॅमजेटचं सिम्युलेशन कोल्हापुरात बसून: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दर वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की मेकॅनिकलच्या वर्गात कुणीतरी 'स्क्रॅमजेट' (सुपरसॉनिक हवेतच इंधन जाळणारं इंजिन) उचलतंच. साहजिक आहे. इस्रोनं २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून मॅक ६ (ध्वनीच्या सहापट वेग) च्या आसपास स्क्रॅमजेट इंजिनं हवेत पाच सेकंद चालवून दाखवली. डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या हायपरसॉनिक चाचणी-यानानं ७ सप्टेंबर २०२० ला वीस सेकंदांहून जास्त वेळ गाठला. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओच्याच हैदराबादच्या डीआरडीएल प्रयोगशाळेनं स्क्रॅमजेटचा दहनकक्ष जमिनीवर हजार सेकंदांपेक्षा जास्त चालवला. अशा बातम्या वाचल्या की हात शिवशिवतात.

हा लेख शेवटच्या वर्षाच्या आणि एम.टेक.च्या मुलामुलींसाठी आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मेथडिंगसाठी (साच्यात धातू कसा ओतायचा ते ठरवण्यासाठी) कास्टिंगचं सिम्युलेशन चालवणाऱ्यांनाही तो चालेल. त्यांना मेश (जागेचे पाडलेले बारीक तुकडे, म्हणजे सेल) काय असतो, रन का फुटतो (गणित मध्येच कोसळतं) हे आधीच माहीत असतं. फरक एवढाच की साच्यातल्या धातूची घनता ते स्थिर धरतात आणि इथं सगळा खेळच घनता बदलण्याचा आहे. त्यामुळं तिथल्या सवयी इथं आणताना जपून.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ज्वाला सगळ्यात शेवटी. आधी वही, मग एक साधा शॉक (दाबाची एकदम उडी), मग थंड प्रवाह, मग न पेटवलेलं इंधन, आणि त्यानंतर आग. पहिल्याच आठवड्यात लाल-पिवळी ज्वाला स्क्रीनवर आणण्याची घाई केली तर प्रोजेक्टचे पुढचे महिने 'हे असं का दिसतंय' यातच जातात.

लागणारं सामान

- १६ जीबी रॅमचा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. सहा खरे कोअर असले तर उत्तम.
- उबुंटू लिनक्स, किंवा विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय).
- प्रवाहाचं गणित सोडवणारं ओपनफोम आणि निकालाची चित्रं काढणारं पॅराव्ह्यू, दोन्ही फुकट.
- किमान ५०० जीबी मोकळी जागा आणि एक वेगळी बाहेरची डिस्क.
- गॅस डायनॅमिक्सचे तक्ते: ऑब्लिक (तिरपा) शॉक आणि रेले फ्लो (उष्णता दिलेला प्रवाह). कॉलेजच्या डेटा बुकात मिळतात.
- हायड्रोजन-हवेच्या रासायनिक अभिक्रियांची फाइल आणि प्रत्येक घटकाचे नासा बहुपदी गुणांक (तापमानानुसार विशिष्ट उष्मा काढायला).
- सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागायचा असेल तर: कॉलेजच्या डोमेनचा ईमेल, ओळखपत्र, मार्गदर्शक सरांचं किंवा मॅडमचं संमतीपत्र, कामाचा एक पानी गोषवारा.
- एक वही. गंमत नाही, खरंच लागते.

दुकानदार तुम्हाला महागड्या ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप दाखवणार. ओपनफोमचे नेहमीचे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) सीपीयूवर चालतात, त्या कार्डाचा इथं काडीचा उपयोग नाही. ते पैसे रॅममध्ये घाला.

१. आत काय चाललंय ते आधी डोळ्यांपुढं आणा

तीस किलोमीटर उंचीवर हवेचं तापमान साधारण २२६ केल्विन असतं आणि ध्वनीचा वेग ३०२ मी/से. मॅक ६ म्हणजे १,८०० मी/से.पेक्षा थोडं जास्त. ही हवा पूर्ण थांबवली तर तिचं तापमान किती होईल? गॅमा (विशिष्ट उष्म्यांचं गुणोत्तर) १.४ धरा: २२६.५ × (१ + ०.२ × ३६), म्हणजे सुमारे १,८५० केल्विन. इंधनाचा थेंबही न जाळता! इतक्या तापलेल्या हवेत इंधन जाळलं तर बरीचशी उष्णता रेणू फोडण्यात खर्च होते, वर शॉकमध्ये दाबाचं नुकसान प्रचंड. म्हणून हवा पूर्ण न थांबवता इंधन सुपरसॉनिक प्रवाहातच जाळायचं. स्क्रॅमजेटचा हा सगळा उद्योग त्यासाठी.

आणि वेळ किती मिळतो? चौथ्या पायरीत येणाऱ्या प्रयोगात दहनकक्ष ०.३ मीटर लांब, हवा ७३० मी/से., म्हणजे ०.४ मिलिसेकंद. एवढ्यात इंधन मिसळायचं, पेटायचं आणि जळून संपायचं.

शॉक समजायला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावरचं पाणी आठवा. उतारावरून पातळ, वेगवान धार येते आणि खाली एका जागी एकदम उसळून जाड व संथ होते. त्या उसळीच्या खाली कितीही खळबळ करा, वरच्या धारेला पत्ता लागत नाही. सुपरसॉनिक हवेतही पुढची बातमी मागं जात नाही. पण पुढं अडथळा फारच वाढला तर ती उसळीची जागाच मागं सरकत येते. हे लक्षात ठेवा, आठव्या पायरीला कामाला येईल.

२. सॉफ्टवेअर बसवा, पण आवृत्ती बघून

ओपनफोमची दोन घराणी आहेत आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. एक फाउंडेशनचं, ज्याचे आवृत्ती क्रमांक १०, ११, १२ असे जातात. दुसरं ईएसआयचं, ज्याचे क्रमांक २३१२, २४०६ असे वर्ष-महिन्याचे असतात. फाउंडेशननं आवृत्ती ११ पासून वेगवेगळे सॉल्व्हर मोडीत काढून 'फोमरन' हा एकच प्रोग्रॅम आणि त्याखाली मॉड्यूल अशी रचना केली. जुन्या व्हिडिओत दिसणारा 'रोसेंट्रलफोम' तिथं 'शॉकफ्लुइड' या मॉड्यूलच्या रूपात आहे. ईएसआयमध्ये तो जुन्याच नावानं चालतो. एका घराण्याची केस (एका प्रश्नाच्या सगळ्या फाइलींचं फोल्डर) दुसऱ्यात टाकली की अशा चुका दिसतात की वाटतं आपलंच डोकं फिरलंय.

माझा सल्ला: ईएसआयची आवृत्ती घ्या. कारण पुढं ज्वलनासाठी 'हायब्रिड सेंट्रल सॉल्व्हर्स' हा बाहेरचा संच कम्पाइल करावा लागेल आणि तो त्याच घराण्यावर बसतो. त्याच्या शाखा आवृत्तीनुसार वेगळ्या असतात, जुळणारीच उतरवा.

डब्ल्यूएसएल वापरणार असाल तर केसचं फोल्डर लिनक्सच्या होममध्ये ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये ठेवू नका. तिथून फाइल वाचणं-लिहिणं इतकं मंद होतं की रन अडकला असंच वाटतं.

लिनक्सची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. ओपनफोमचीही मालिका आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर बसा, पुरे होतं.

३. शॉकची परीक्षा

पहिला खरा रन हा: मॅक ३ च्या हवेत १० अंशांची पाचर. उत्तर तक्त्यात आधीच छापलेलं आहे. शॉकचा कोन २७.४ अंश, दाब २.०५ पट, तापमान १.२४ पट, शॉकमागचा मॅक २.५. तुमच्या सॉल्व्हरनं हे चार आकडे दिले पाहिजेत. दाबात एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर पुढं जाऊ नका.

ओपनफोमसोबत येणारी 'फॉरवर्ड स्टेप' आणि 'ऑब्लिक शॉक' ही उदाहरणं बघाल तेव्हा चक्रावू नका. तिथला वायू मुद्दाम असा घेतलेला आहे की तापमान १ असताना ध्वनीचा वेग १ येतो. म्हणून वेग ३ लिहिला की तोच मॅक ३. रेणूभार ११,६४० असा विचित्र दिसतो तो याच सोयीसाठी. ती फाइल तशीच उचलून तुमच्या केसमध्ये ३०० केल्विन आणि १,००० मी/से. टाकलेत तर सॉल्व्हर निमूटपणे चालेल आणि शुद्ध कचरा देईल. खऱ्या हवेचा रेणूभार २८.९ लिहा.

इथंच स्कीमचा (दोन सेलच्या सीमेवरचं मूल्य काढायच्या पद्धतीचा) हिशेबही शिकून घ्या. अपविंड लावली की शॉक पाच-सहा सेलमध्ये पसरतो, रन मात्र सहसा फुटत नाही. व्हॅन लीअर लिमिटर लावला की शॉक धारदार होतो. दोन्ही चालवून पाचरीवरच्या दाबाचा आलेख एकावर एक काढा. हा आलेख अहवालातही घालता येतो.

४. केस निवडा: ज्याचं मोजमाप कुणीतरी केलंय अशीच

प्रत्येकाला स्वतःचं इंजिन काढायचं असतं. कॅडमध्ये सुंदर इनटेक, पाचसहा स्ट्रट (प्रवाहात बसवलेले, इंधन सोडणारे पट्टे), नोझल. नाद करू नका. आपल्या हाताशी सुपरसॉनिक विंड टनेल नाही, त्यामुळं स्वतः काढलेल्या इंजिनाचं उत्तर बरोबर की चूक हे सांगणारं कुणीच नाही. दुसऱ्यांनी प्रत्यक्ष चालवून मोजलेली आणि छापलेली केस घ्या.

नवख्यांसाठी सगळ्यात सोयीची म्हणजे जर्मनीच्या डीएलआर संस्थेनं नव्वदीच्या दशकात लाम्पोल्ड्सहाउझेनला केलेला प्रयोग. ५० मिमी उंच, ४० मिमी रुंद चॅनेल. मधोमध पाचरीच्या आकाराचा स्ट्रट, ३२ मिमी लांब, मागच्या बाजूला ६ मिमी जाड. त्या मागच्या सपाट तोंडातून १ मिमीच्या १५ छिद्रांतून हायड्रोजन हवेच्या दिशेनंच सोडलेला. वरची भिंत पुढं ३ अंशांनी उघडत जाते.

हवा: मॅक २, ३४० केल्विन, १ बार, वेग ७३० मी/से. ऑक्सिजन २३.२ टक्के, पाण्याची वाफ ३.२ टक्के, बाकी नायट्रोजन, सगळं वस्तुमानानं. हवेत वाफ कुठून आली? प्रयोगशाळेत हवा तापवायला तिच्यात हायड्रोजन जाळून वर ऑक्सिजन भरून काढला होता. हायड्रोजन: मॅक १, २५० केल्विन, १ बार, १,२०० मी/से.

मिळालेले आकडे तसेच टाकू नका, ताडून बघा. १.४ × २८७ × ३४० चं वर्गमूळ ३७०, दुप्पट ७४०. ७३० शी थोडा फरक, ठीक. हायड्रोजनचा वायुस्थिरांक ४,१२४, त्यावरून २५० केल्विनला ध्वनीचा वेग १,२०० च्या आसपास. तेही जुळलं. कुठल्याही पेपरातला तक्ता असा दोन मिनिटांत तपासता येतो, आणि छापताना झालेल्या चुका अशाच सापडतात.

५. मेश

द्विमितीय मेशनं सुरुवात करा. ३०० मिमी × ५० मिमी जागा ०.२५ मिमीच्या सेलनं भरली तर १,२०० × २०० म्हणजे २ लाख ४० हजार सेल. लॅपटॉपला झेपतं. ०.१ मिमीवर गेलात तर तेच १५ लाख.

सगळीकडं बारीक करत बसू नका. स्ट्रटचं टोक, स्ट्रटच्या मागची जागा आणि इंधनाच्या धारेच्या दोन कडा इथं बारीक, बाकी जाडं. सेलची लांबी-रुंदी शॉकच्या भागात फार विषम नको. ब्लॉकमेशनं हे सगळं जमतं. हातानं शिरोबिंदू मोजत बसणं कंटाळवाणं आहे, पण त्या मेशचा दर्जा चांगला येतो. मेश तपासणारं चेकमेश चालवल्याशिवाय पुढं जायचं नाही.

६. सीमा आणि सुरुवात

सुपरसॉनिक इनलेटला दाब, तापमान, वेग तिन्ही बांधायचे. आउटलेटला काहीच बांधायचं नाही, तिन्ही झिरो ग्रेडियंट (आतलं मूल्यच बाहेर जाऊ द्यायचं). पाण्याच्या पाइपाची सवय असलेले लोक आउटलेटला दाब बांधतात आणि तिथून एक खोटा शॉक आत शिरतो. भिंतीलगतच्या संथ थरामुळं आउटलेटला लाटा परतताना दिसल्या तर 'वेव्ह ट्रान्समिसिव्ह' लावा.

सुरुवातीची स्थिती म्हणून सगळा चॅनेल ७३० मी/से.नं भरला तर स्ट्रटच्या मागं एकदम पोकळी होते, तापमान शून्याखाली जातं आणि रन फुटतो. उपाय साधा आहे. पहिले काही हजार टप्पे अपविंडनं, कूरांट आकडा (एका टप्प्यात लाट किती सेल पुढं जाते) ०.१ ठेवून काढा. प्रवाह बसला की व्हॅन लीअरवर या आणि कूरांट ०.२ करा. टर्ब्युलन्ससाठी के-ओमेगा एसएसटी मॉडेल पुरेसं आहे. एलईएसचा (मोठे भोवरे थेट सोडवण्याचा) मोह लॅपटॉपवर धरू नये.

७. थंड प्रवाह

हायड्रोजन बंद. फक्त हवा. काय दिसायला हवं याचा अंदाज आधी वहीत लिहा. स्ट्रटचा अर्धा कोन ३ भागिले ३२ वरून ५.४ अंश येतो. मॅक २ ला त्याचा शॉक साधारण ३५ अंशांचा आणि दाबाची वाढ १.३५ पट. चॅनेलच्या मध्यापासून भिंत २५ मिमीवर, म्हणजे टोकापासून सुमारे ३६ मिमी पुढं शॉक भिंतीला आपटणार आणि परतणार.

पॅराव्ह्यूमध्ये घनतेच्या ग्रेडियंटचं काळं-पांढरं चित्र काढा. प्रयोगाचे छापलेले श्लीरेन (घनतेतला फरक दाखवणारे) फोटो याच पद्धतीचे असतात, शेजारी ठेवून बघता येतात. शॉक, त्यांचं परतणं, स्ट्रटच्या मागच्या कोपऱ्यांवरचे एक्स्पान्शन फॅन आणि त्यामागचा गिरकी घेणारा छोटा भाग हे चारही दिसलं पाहिजे. मग भिंतीवरच्या दाबाचा आलेख. तो जुळला तरच पुढची पायरी.

८. इंधन सोडा, पेटवू नका

हा भाग सावकाश वाचा. बहुतेक प्रोजेक्ट इथं बिघडतात आणि मुलं दोष मात्र सॉल्व्हरला देतात.

द्विमितीय केसमध्ये पंधरा गोल छिद्रं दाखवता येत नाहीत, मग लोक स्ट्रटच्या मागं १ मिमीची फट ठेवतात. छिद्र १ मिमीचं होतं ना, म्हणून. आता हिशेब करा. पंधरा छिद्रांचं क्षेत्रफळ ११.८ चौ. मिमी. १ मिमीची फट ४० मिमी रुंदीवर म्हणजे ४० चौ. मिमी. म्हणजे तुम्ही प्रयोगाच्या जवळजवळ साडेतीन पट हायड्रोजन सोडताय.

त्यानं काय होतं? हवेचा प्रवाह: घनता १ × ७३० × ०.००२ चौ. मीटर, म्हणजे १.४६ किग्रॅ/से. छिद्रांतून हायड्रोजन: ०.०९७ × १,२०० × ११.८ चौ. मिमी, म्हणजे सुमारे १.४ ग्रॅ/से. हायड्रोजनची उष्णता किलोला १२० मेगाज्यूल. सगळं जळलं तर १६५ किलोवॅट, म्हणजे हवेच्या प्रत्येक किलोमागं ११३ किलोज्यूल. एकूण तापमान ६१० केल्विनवरून साधारण ७२० वर, १.१८ पट.

आता रेले फ्लोचा तक्ता उघडा. सरळ चॅनेलमध्ये मॅक २ च्या हवेचं एकूण तापमान १.२६ पटीपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यापुढं प्रवाह मॅक १ ला येऊन तुंबतो, ज्याला थर्मल चोकिंग म्हणतात. मॅक ३ ला हीच मर्यादा १.५३ पट. छिद्रांचं १.१८ मर्यादेत बसतं, शिवाय उघडणारी भिंत थोडी जागा देते. १ मिमीच्या फटीनं मात्र हेच गणित १.६ पटीवर जातं. सगळं इंधन जळलं नाही तरी प्रवाह तुंबण्याचा धोका मोठा, आणि मग शॉकची रांग मागं सरकत स्ट्रटच्याही पुढं जाते. इनटेकसह पूर्ण इंजिन असतं तर यालाच अनस्टार्ट म्हटलं असतं. मुलांना वाटतं मेश खराब आहे. मेश ठीक असतो, इंधनच जास्त असतं.

त्यामुळं दोनच मार्ग. एक, फट ०.२९५ मिमीची करा आणि तिथं सेल ०.०५ मिमीच्या आसपास आणा. इंधनाचं वजन जुळेल, पण धारेचा आकार खोटाच राहील. हे अहवालात कबूल करा. दोन, एका छिद्रापुरता पातळ त्रिमितीय काप घ्या आणि दोन्ही बाजूंना सिमेट्री लावा. मला दुसरा पटतो. सेल वाढतात, पण गोल धार भोवतालची हवा जशी ओढते तशी सपाट फट ओढत नाही, आणि स्क्रॅमजेटमध्ये अर्धी लढाई मिसळण्याचीच आहे.

'रोसेंट्रलफोम'ला एकाहून जास्त वायू कळत नाहीत. इथून पुढं वर सांगितलेल्या संचातला 'रिअ‍ॅक्टिंग पिंपल सेंट्रल फोम' घ्या. ओपनफोमचा स्वतःचा 'रोरिअ‍ॅक्टिंगफोम' ज्वलन करतो, पण शॉक बोथट देतो.

आणखी एक कळीचा आकडा: टर्ब्युलंट श्मिट नंबर (खळबळीत संवेग आणि इंधन यांच्या पसरण्याचं गुणोत्तर). साधारण ०.७ ते ०.९ धरतात. तो कमी केला की इंधन लवकर मिसळतं, ज्वाला आखूड होते. म्हणजे हा आकडा फिरवून हवी तशी ज्वाला 'जुळवता' येते. तसं करू नका. एक ठरवा, कारण लिहा, आणि दुसऱ्या एका मूल्यानं काय फरक पडतो तेवढं दाखवा.

९. आता ज्वाला

स्थिर विशिष्ट उष्मा वापरत असाल तर इथं थांबा. प्रत्येक घटकाला जॅनाफ प्रकारचे नासा गुणांक द्या. विशिष्ट उष्मा तापमानाबरोबर वाढतो. तो स्थिर धरला तर ज्वालेचं तापमान फार वर जातं. हायड्रोजन-हवेची ज्वाला साध्या परिस्थितीत २,४०० केल्विनच्या आसपास असते. तुमच्याकडं ३,५०० दिसत असेल तर ते यश नव्हे.

रसायन तीन पायऱ्यांनी चढा. पहिली: एकच अभिक्रिया, हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. सगळं जोडलेलं आहे की नाही एवढंच बघायला. दुसरी: सात घटक आणि सात अभिक्रियांची आखूड यंत्रणा. तिसरी: नऊ घटक, एकोणीस अभिक्रिया. लॅपटॉपवर दुसरीपाशी थांबलात तरी प्रोजेक्टला पुरे. कुणी जीआरआय ३.० फाइल देऊ केली तर नको म्हणा. ती नैसर्गिक वायूसाठी बनवलेली आहे, ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया. हायड्रोजनसाठी हा बोजा कशाला?

मग सगळ्यात नेहमीची तक्रार येते: 'ज्वाला पेटतच नाही.' पेटणार कशी? हवा ३४० केल्विनची आहे. हायड्रोजन आपोआप पेटायला ८५० केल्विनच्या आसपास तापमान लागतं. खऱ्या उड्डाणात दहनकक्षात येणारी हवाच हजार केल्विनच्या घरात असते, इथं ती नाही. म्हणून सेटफील्ड्स वापरून स्ट्रटमागच्या गिरकीच्या भागात थोडा वेळ १,५०० ते २,००० केल्विनचा ठिपका ठेवा. ज्वाला धरली की गिरकीतले गरम वायूच तिला टिकवतात. ठिपका दिल्यावर लगेच टप्पा लहान करा, नाहीतर पहिल्याच झटक्याला रन फुटेल.

एक उलटा सापळाही आहे. 'मिसळलं की जळलं' प्रकारचं एडी डिसिपेशन मॉडेल लावलं तर ठिपक्याशिवायच, अगदी थंड हवेतही ज्वाला पेटते. मुलं खूश होतात. पण त्या मॉडेलला तापमान विचारायचं माहीतच नाही, त्यामुळं ज्वाला कुठं धरते या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून घेऊ नका. पीएएसआर (PaSR) म्हणजे पार्शली स्टर्ड रिअ‍ॅक्टर लावा.

१०. वेळ, वीज आणि डिस्क

०.२५ मिमीचा सेल, लाटेचा वेग ७३० अधिक ३७०, कूरांट ०.२: टप्पा येतो साधारण ४५ नॅनोसेकंद. प्रवाह पाच वेळा आरपार जायला २ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४४ हजार टप्पे. फटीजवळ ०.०५ मिमी केलंत की टप्पा आणखी पाचपट लहान. त्यावर रसायन चढलं की प्रत्येक टप्प्याचा बहुतेक वेळ तेच खातं. आधी शंभर टप्पे चालवून वेळ मोजा आणि गुणाकार करा. उत्तर दोन महिने आलं तर मेश बदला, नशिबावर सोडू नका.

लॅपटॉपच्या जाहिरातीत बारा 'थ्रेड' असतात, खरे कोअर सहा. केस सहा भागांतच तोडा. बारा केल्यानं वेग वाढत नाही, पंखा तेवढा ओरडतो. एप्रिल-मेमध्ये खाली हवा लागेल असं ठेवा. तापलेला सीपीयू स्वतःचा वेग कमी करतो आणि तुम्हाला कळतही नाही.

पावसाळ्यात वीज जाणार हे गृहीतच धरा. कंट्रोलडिक्टमध्ये (रनच्या सूचनांच्या फाइलमध्ये) दर काही हजार टप्प्यांनी लिहायला सांगा, 'स्टार्टफ्रॉम'ला 'लेटेस्टटाइम' ठेवा, आणि 'पर्जराइट' लावून शेवटचे तीन-चारच संच ठेवा. नाहीतर रात्रीत डिस्क भरते. नदीकडच्या भागात राहत असाल तर बाहेरची डिस्क कुठं ठेवायची ते जूनमध्येच ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीकडच्यांना काय काय वरच्या मजल्यावर न्यावं लागलं ते विचारा.

त्रिमितीय काप नऊ घटकांसह चालवायचा तर घरी निभणार नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधली परम मालिकेतली मशीन आहेत, पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे. अर्ज मार्गदर्शकांच्या नावानं जाईल असं धरून चाला. जोडायला आधीच्या रनचे आकडे तयार ठेवा: किती सेल, किती कोअर, एका टप्प्याला किती वेळ. 'भरपूर वेळ लागेल' असं मोघम लिहून काही मिळत नाही.

११. निकालावर विश्वास ठेवण्याआधी

- आत येणारं आणि बाहेर जाणारं वस्तुमान एक टक्क्यात जुळतंय?
- आत सोडलेला हायड्रोजन बाहेर कुठल्यातरी रूपात तेवढाच निघतोय? हे मोजताना हवेतली आधीची वाफ वजा करा.
- एकूण तापमानाची वाढ आठव्या पायरीतल्या ११० केल्विनपेक्षा जास्त तर नाही? जास्त असेल तर ऊर्जा कुठूनतरी फुकट येतेय.
- मेश तीन प्रकारे बदलून भिंतीवरचा दाब स्थिर राहतो का?

वाफेचं एक खास सांगतो. ज्वाला दाखवायला सगळे पाण्याच्या वाफेचं रंगीत चित्र लावतात. पण हवेबरोबरच सेकंदाला ४५ ग्रॅमहून जास्त वाफ आत येतेय आणि सगळा हायड्रोजन जळला तरी नवी वाफ जेमतेम साडेबारा ग्रॅम. रंगपट्टी शून्यापासून ठेवलीत तर अख्खा चॅनेल पेटल्यासारखा दिसतो. ती ०.०३२ पासून सुरू करा, किंवा सरळ ओएचचं (ज्वालेतच तयार होणाऱ्या अल्पजीवी घटकाचं) चित्र लावा. त्यासाठी यंत्रणेत ओएच हवा, एका अभिक्रियेच्या मॉडेलमध्ये तो नसतो.

अहवालात ओपनफोमचं घराणं आणि आवृत्ती, स्कीम, कूरांट आकडा, श्मिट नंबर, प्रँडटल नंबर, अभिक्रियांची फाइल, पेटवण्याचा ठिपका किती तापमानाचा आणि किती वेळ ठेवला, हे सगळं एका तक्त्यात द्या. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक सहसा दोन ठिकाणी बोट ठेवतात: फटीची उंची कशी ठरवली, आणि श्मिट नंबर तोच का घेतला. आठव्या पायरीतलं गणित त्या पानाच्या बाजूलाच लिहून ठेवा, आणि केसचं पूर्ण फोल्डर झिप करून मार्गदर्शकांकडं देऊन ठेवा, पुढच्या बॅचला ते लागतं.